भिजत घातलेलं रबर

“आमच्याकडे ना, रबर भिजत घालतात!” मी म्हटलं आणि अख्खं कँटीन खदखदलं.

मी उभी होते. दोन्ही अंगठे कंबरेच्या पट्ट्यात अडकवलेले, मान वर, नजर छताच्या पत्र्याकडे आणि आवाज नाकातनं. पट्टा अर्थातच नव्हता, साडीच होती, पण अंगठे असे अडकवले होते की पट्टा दिसावा. हुबेहूब मगदूमसाहेब. नकला करायची खोड मला शाळेपासून, आणि मगदूमसाहेबांसारखा नग चार-चार वर्षांत मिळत नाही.

“रातभर भिजत घालत्यात का दोन दिस?” इस्माईल मिस्त्रींनी पलीकडच्या बाकावरून विचारलं. ते आमच्या कारखान्यात टेस्टिंगचे मुख्य. नकलेला खतपाणी घालायला सगळ्यांत पुढं.

“मोड येईपर्यंत!” मी छताला सांगितलं.

“मग उसळ करत्यात व्हय?”

“आमच्याकडे उसळच असते. तुमच्यासारखा पांचट रस्सा नसतो!”

कँटीनवाला दगडूसुद्धा हसला, रस्सा त्याचाच असून. आणि मग एकाएकी सगळे गप्प झाले. मी मागं वळले, तर ताट हातात घेऊन मगदूमसाहेब उभे.

माणूस माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, हुद्द्यानं वरचा. पण ते रागावले नाहीत. त्यांनी ताट बाकावर ठेवलं, बसले, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, “छान करता, सुतारबाई. फक्त एक चूक आहे. मी ‘घालतात’ म्हणत नाही. ‘घातलं होतं’ म्हणतो.”

“बरं साहेब, पुढच्या खेपेला दुरुस्त करते.”

पुन्हा हशा. तेही हसले. मला वाटलं, सुटले बाई! त्यांनी मला किल्ली हातात दिली होती आणि मी ती नकलेत खपवायला निघाले होते. इतकी मी तेव्हा शहाणी.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची. कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत आबा इंगवल्यांचा पंपांचा कारखाना होता, मी तिथं डिझाइनला होते. डिझाइनला म्हणजे एक टेबल, एक ड्रॉइंग बोर्ड आणि मी. माझे वडील फाउंड्रीत ओतकामाचे लाकडी नमुने, पॅटर्न, करायचे. त्यांच्या पोरीनं इंजिनिअर होऊन खुर्चीवर बसावं याचं त्यांना फार अप्रूप. त्या टेबलावर माझा जीव होता.

रस्त्याच्या पलीकडे आमच्या तिप्पट मोठा कारखाना. तेही पंपच करायचे आणि चांगले करायचे. त्यांचं नाव आमच्यात कुणी घेत नसे. नव्या नवरीनं नवऱ्याचं घेऊ नये तसं. नुसतं ‘पलीकडं’ म्हणायचं. पलीकडं हे आलंय, पलीकडं ते निघालंय, आणि ‘पलीकडच्यांचा बुश बघा, दोन वर्षं हलत नाही.’

हा बुश काय ते सांगते, कारण सगळं रामायण त्याच्यापायी आहे. पाण्याखाली चालणाऱ्या पंपात मधोमध फिरणारा दांडा असतो, शाफ्ट. त्याला जागेवर धरून ठेवणारी नळी म्हणजे बुश. नळी पितळेची असते. नदीची वाळू आत शिरली की ती नळीला आतनं खाते, शाफ्ट खुळखुळतो, आणि भर उन्हाळ्यात ऊस वाळत असताना पंप नदीतून वर काढावा लागतो. माझ्या डोक्यानं घेतलं होतं की ही नळी आतून रबराची करायची आणि रबराला खाचा पाडायच्या. वाळूचा कण आला की रबर दबेल, कण घरंगळून खाचेत जाईल आणि पाण्याबरोबर वाहून जाईल. कागदावर इतकं सुंदर होतं म्हणून सांगू!

कागदाबाहेर पहिल्या बुशचं रबर धातूपासून सुटलं. दुसऱ्यात शाफ्ट अडकला. रबर जळालं, असं आम्ही ठरवून टाकलं. आबा तसे दिलदार, पण दोनदा तोंडावर पडल्यावर त्यांनी जूनमध्ये पलीकडचा माणूस फोडून आणला. भूपाल मगदूम, पलीकडच्या बुश विभागात चौदा वर्षं. आबांनी मला बोलावून सांगितलं, “हेमा, तुझी फाइल साहेबांना दाखव. ते आता बघतील.”

‘ते आता बघतील’ हे तीन शब्द माझ्या नाकाला मिरचीसारखे झोंबले.

आणि हा माणूस आल्यापासून ‘आमच्याकडे’! वाक्य काही असो, सुरुवात आमच्याकडे. पगार आमचा, चहा आमचा, आणि ‘आमच्याकडे’ म्हणजे पलीकडं. मराठीत दोन शब्द आहेत, ‘आपल्याकडे’ आणि ‘आमच्याकडे’. आपल्यात बोलणारा-ऐकणारा दोघं येतात, आमच्यात ऐकणारा उंबऱ्याबाहेर राहतो. चार महिने आम्ही सगळे उंबऱ्याबाहेर होतो. तो शब्द कानावर पडला की इस्माईल मिस्त्री माझ्याकडे बघून डोळा मिचकावत, आणि मी टेबलाच्या खणातली वही काढून वाक्य टिपून घेई. नकलेला ताजा माल हवा ना.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. त्यांच्या खिडकीत लोणच्याची काचेची बरणी, तिच्यात पाणी आणि पाण्यात माझ्या मोडक्या दुसऱ्या बुशची कापलेली चकती. पहिल्या आठवड्यातच भंगारातून शोधून घेतली होती. दर शनिवारी ते ती बाहेर काढून पुसायचे, पुन्हा पाण्यात सोडायचे. “लोणचं मुरलं का साहेब?” असं जाता-येता कुणीही विचारी. “मुरतंय,” ते म्हणत.

मला तर वाटायचं, माझं अपयश त्यांनी शोभेला ठेवलंय.

कँटीनच्या त्या तमाशानंतर दोनच दिवसांनी आबांनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर कोरा कागद आणि पेन्सिल.

“मगदूम, चार महिने झाले,” आबा म्हणाले. “पलीकडचा बुश काढा ह्याच्यावर. मापासकट.”

“तो नाही काढणार, आबा.”

“का? येत नाही?”

“झोपेतसुद्धा येईल. पण ते त्यांचं आहे. मी येताना एक कागद आणला नाही, आणि आता डोक्यातून उतरवून देणं म्हणजे तेच की.”

“मग तुम्हाला आणलंय कशाला? बरणीत लोणचं घालायला?”

मगदूमसाहेब शांतपणे म्हणाले, “सुतारबाईंचा तिसरा बुश तयार आहे. तो चालवू या.”

आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत वैताग होता, पण थोडी मायाही होती. “चालवा. पण हा शेवटचा. हाही अडकला, तर हेमा, रबराची फाइल बंद. तू ट्रेसिंगला बस, मुंबईच्या गिऱ्हाइकाची ड्रॉइंगं पडलीत. आणि मगदूम, तुम्ही तुमचं काय ते बघा.”

ट्रेसिंग म्हणजे दुसऱ्यानं काढलेल्या रेघांवरून रेघा ओढायच्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आणि मनात आलं, हा माणूस लबाड आहे. माझं बुडावं म्हणून पुढं करतोय.

टेस्टिंगला सिमेंटची टाकी होती. तिच्यात पंचगंगेची वाळू कालवली, पंप सोडला. गुरुवारी सकाळी आठला सुरू केला तो संध्याकाळी सहापर्यंत गपगुमान चालला. “ताई, पेढे मागवा,” इस्माईल मिस्त्री म्हणाले. मीही घरी गेल्यावर वडलांना सांगून टाकलं, जमलं म्हणून.

शुक्रवारी सकाळी बटण दाबलं. पंप गुरगुरला आणि बसला. पुन्हा दाबलं, पुन्हा गुरगुरला. मिस्त्रींनी पंप वर घेतला, शाफ्टला पाना लावून फिरवला. हलेना. दोन्ही हातांनी जोर केला, तरी नाही. “धरून बसलाय की ओ,” ते हळू आवाजात म्हणाले. मस्करी करणाऱ्या माणसानं हळू बोललं की फार लागतं.

आबा आले, बघितलं. “सोमवारपासून ट्रेसिंग,” एवढंच म्हणाले आणि गेले.

मी टेबलाशी येऊन बसले. रडू येत होतं, पण कारखान्यात रडायचं नाही हे पहिल्या दिवशीच ठरवलेलं. खण आवरायला घेतला, कारण टेबल सोडायचं होतं. सगळ्यांत वर ती वही. उघडली, म्हटलं फाडून टाकावी.

आमच्याकडे खाच सरळ ठेवली होती.

आमच्याकडे पहिल्या दिवशी छान चाललं होतं.

आमच्याकडे रबर भिजत घातलं होतं.

आमच्याकडे सकाळी शाफ्ट हातानं फिरत नव्हता.

माझा हात थांबला. सकाळी शाफ्ट हातानं फिरत नव्हता. हे मी सप्टेंबरात लिहिलं होतं! खाली नकलेसाठी खूण केलेली, ‘नजर छताकडे’. मी पानं उलटत गेले. एकूण एकतीस वाक्यं, आणि एकात बढाई असेल तर शपथ. सगळी ‘होतं’ आणि ‘नव्हतं’. बढाई मी घातली होती, नकलेत, ‘होतं’चं ‘असतं’ करून. माणूस चार महिने आम्हाला पलीकडं काय-काय फसलं ते सांगत होता, आणि आम्ही पहिल्या शब्दालाच हसून मोकळे होत होतो. लाज वाटली मला, अगदी कानशिलं तापली.

वही घेऊन तशीच त्यांच्या टेबलाशी गेले. ते शनिवारची वाट न बघता चकती बाहेर काढून बघत होते.

“मगदूमसाहेब, ‘आमच्याकडे रबर भिजत घातलं होतं.’ पुढं काय?”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग खुर्ची सरकवून दिली. “चार महिन्यांत ‘पुढं काय’ पहिल्यांदा ऐकलं. बसा. रबर पाणी पितं, बाई. कोरड्या मापानं भोक पाडलं की ते फुगतं, भोक आवळतं आणि शाफ्ट धरून बसतं. चालू असतं तोवर फिरत राहतं, थांबलं की पकडतं. तुमचा दुसरा बुशही जळाला नव्हता. आधी आवळला होता.”

“पलीकडं रबर केलं होतं?”

“मीच केलं होतं, सात वर्षांपूर्वी. आठ दिवस भिजवलं, रोज फुगतच गेलं. वरचे म्हणाले, याला अंत नाही, सोडा. पितळेचं बरं चाललंय आपलं. मला दुसऱ्यांदा करू दिलं नाही.”

“आणि याला अंत नाही?”

त्यांनी खिशातली छोटी डायरी पुढं केली. दर शनिवारची नोंद, भोकाचं माप, मायक्रोमीटरनं घेतलेलं. भोक आठवड्याआठवड्याला लहान होत गेलेलं, आणि मग सहाव्या शनिवारपासून तोच आकडा. सातव्यालाही तोच. सोळाव्यालाही तोच.

“थांबतं!” मी ओरडलेच.

“थांबतं. पोट भरलं की थांबतं. हे पलीकडच्यांना माहीत नाही. मलाही नव्हतं. तुमच्या चकतीनं सांगितलं.”

मला राग आला, स्वतःचा राग दुसऱ्यावर काढतात तसला. “मग सरळ सांगायचं होतं! धरून बसवायचं, सांगायचं!”

“आकडा थांबला आहे याची खात्री झाल्याशिवाय काय सांगणार? आणि बाकीचं सांगत होतोच की. ‘आमच्याकडे’ म्हटलं की तुम्ही वही काढायचा. मला वाटायचं, वा, बाई टिपून घेताहेत. तिसऱ्यात फुगायला जागा सोडली असणार, असं धरून चाललो.”

हे ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. “दुसरा शब्द तरी वापरायचा,” मी पुटपुटले.

“कुठला? आपल्याकडे?” ते चकती बरणीत सोडत म्हणाले. “इथं अजून काही केलं नव्हतं मी. कुठल्या तोंडानं म्हणू?”

आम्ही दोघं आबांकडे गेलो. मीच बोलले, वही दाखवली, डायरी दाखवली. आबांनी दोन्ही वाचलं. वही वाचताना त्यांना हसू आवरेना. “आठ दिवस,” ते म्हणाले. “पुढच्या शनिवारी मी स्वतः शाफ्ट फिरवणार.”

इस्माईल मिस्त्रींनी चौथा बुश डायरीतल्या मापानं फुगायला जागा सोडून कातला. शाफ्टवर चढवून हलवला तर खडखड वाजला. “ताई, ह्यो बुश हाय का बांगडी?” मी म्हटलं, “फुगू दे. मग बघा.”

पण फुगायला सहा आठवडे लागतात, आणि आमच्याजवळ आठ दिवस. इथं मगदूमसाहेबांकडचं संपलं होतं, त्यांनी तसं सांगूनही टाकलं. तेव्हा मला माझीच नक्कल आठवली. हरभरे! घाईत उसळ करायची असली की माझी आई हरभरे गरम पाण्यात घालायची, गार पाण्यातल्यापेक्षा निम्म्या वेळात टप्पोरे व्हायचे.

“साहेब, रबर गरम पाण्यात घातलं तर?”

ते माझ्याकडे बघतच राहिले. “आमच्याकडे हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं,” असं म्हणून एवढे मोठ्यानं हसले, की बाहेरचे लोक डोकावले.

दगडूचं सगळ्यांत मोठं पातेलं आम्ही पळवलं. तो हळहळत होता, “त्याच्यात रस्सा करतो ओ मी, ताई!” पातेलं शेगडीवर, मंद आच, पाण्याला उकळी फुटू द्यायची नाही, आणि आत बुश. अख्खा कारखाना येऊन झाकण उघडून बघून जायचा. “मोड आलं का?” पण आता त्या विचारण्यात निराळीच उत्सुकता होती. दर चार तासांनी मी माप घ्यायची, मगदूमसाहेब डायरीत लिहायचे. चौथ्या दिवशी भोकाचा आकडा बरणीतल्या चकतीच्या आकड्याशी येऊन थांबला. पाचव्या दिवशी पुन्हा घेतला, तोच. मी तिथंच, पातेल्यापाशी, खाली बसले.

शुक्रवारी बुश पंपात बसवला. खडखड पार गेली होती. दिवसभर वाळूच्या पाण्यात चालवला, सहाला बंद केला, पंप पाण्यातच ठेवला.

शनिवारी सकाळी आबा आले. आम्ही सगळे टाकीभोवती. मिस्त्रींनी पंप वर घेतला आणि पाना आबांपुढं धरला. आबांनी पाना घेतला नाही. बाही वर सारली आणि नुसत्या बोटांनी शाफ्ट धरून फिरवला.

फिरला. बोटांनी! आबांनी उलटा फिरवला, सुलटा फिरवला. मग बुश काढून आत बोट घातलं, रबर चाचपलं. एक चरा नव्हता.

“मगदूम,” आबा म्हणाले, “खरं सांगा. हे पलीकडं आहे?”

सगळ्यांचे कान तिकडे. मी मात्र मगदूमसाहेबांचे अंगठे बघत होते. नेहमीप्रमाणे पट्ट्यात अडकवलेले होते. नजर छताकडे नव्हती, माझ्याकडे होती.

“नाही आबा,” ते म्हणाले. “हे फक्त आपल्याकडे आहे.”

कुणीच हसलं नाही. इस्माईल मिस्त्रींनी टोपी काढून तोंड पुसलं. मी मात्र कारखान्यात रडायचं नाही हा नियम तिथल्या तिथं मोडला.

त्या दिवशी चहाला बसलो असताना मी त्यांना विचारलं, एवढा मोठा कारखाना सोडून तुम्ही इकडं आलात कशाला? आमच्यात बोललं जायचं, आबांनी भरपूर पगार कबूल केला असणार.

“पगार आहे तेवढाच आहे,” ते म्हणाले. “तुमचं रबर ज्याच्याकडून यायचं, तोच पलीकडंही माल द्यायचा. मे महिन्यात हसत-हसत सांगत होता, रस्त्याच्या अलीकडं एक बाई आहे, दोन बुश वाया गेले तरी तिसरा टाकतेय, वेडी आहे. मी रात्री घरी बायकोला म्हटलं, मला एकदाच करू दिलं. ती तिसऱ्यांदा करतेय. मी तिकडं जातो.”

म्हणजे ते माझ्या टेबलावर बसायला आलेच नव्हते. माझ्या टेबलापाशी आले होते.

नंतर आबांनी त्यांच्यासारखी आणखी माणसं बाहेरून आणली, कुणी इचलकरंजीहून, कुणी पुण्याहून. काही टिकली, काही गेली. मी पुढं डिझाइनची प्रमुख झाले, तेव्हा नवा माणूस आला की त्याला एकच काम द्यायची: तुमच्याकडे काय-काय जमलं नव्हतं ते सांगा. जमलेलं सांगू नका, ते तुमच्या जुन्या मालकाचं. आमच्या पुढच्या कितीतरी पंपांची सुरुवात असल्या न जमलेल्या गोष्टींतून झाली. ही युक्ती माझी नाही, हे मी प्रत्येकाला सांगते.

मगदूमसाहेब दोन हजार तीन साली निवृत्त झाले. कँटीनमध्येच निरोपाचा कार्यक्रम होता. भाषणं झाली, शाल-नारळ झालं, आणि मागच्या बाकावरून, आता पार पिकलेल्या इस्माईल मिस्त्रींचा आवाज आला, “ताई, नकल होऊ द्या!”

सगळ्यांनी टाळ्या धरल्या. मी उठले. नऊ वर्षांत केली नव्हती. अंगठे कंबरेला अडकवले, मान वर केली, नाकातून आवाज काढला. “आमच्याकडे रबर भिजत घातलं होतं.”

हशा पिकला. मला पुढं उपकाराचे चार शब्द बोलायचे होते, घरून पाठ करून आले होते. त्यातला एकही आठवेना. नजर छताला लावून मी तशीच उभी.

मगदूमसाहेब पहिल्या रांगेत शाल पांघरून बसले होते. ते मागं वळले आणि सगळ्या कँटीनला म्हणाले, “अरे, हसता काय? विचारा की बाईंना.”

आणि सगळे, दगडूपासून आबांपर्यंत, एका आवाजात ओरडले, “पुढं काय?”

मग मी मान खाली घेतली, त्यांच्याकडे बघितलं आणि पुढचं सगळं सांगितलं.